छोटा १० वॉटचा गिटार अ‍ॅम्प: डब्यातला आवाज आणि डासासारखं डिस्टॉर्शन, सुरुवात कुठून करू?

सहातारी_अमळनेर

नमस्कार मंडळी. १० वॉटचा सॉलिड स्टेट प्रॅक्टिस अ‍ॅम्प आहे. पार्टिकल बोर्डाचं खोकं मागून पूर्ण बंद, आतली मापं साधारण २६ × २६ × १३ सेंमी. स्पीकर ६.५ इंची. नॉब चारच: गेन, व्हॉल्यूम, बास, ट्रेबल. मिड (मधल्या सुरांचा) नाही. ड्राइव्हचं (आवाज मुद्दाम फाडायचं) एक बटन, हेडफोन जॅक आणि मोबाईल जोडायला ऑक्स. गिटार स्ट्रॅट घाटाची, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन उचलणारे चुंबक-कॉइल), ०९-४२ च्या तारा.

अडचणी तीन आहेत. क्लीन (ड्राइव्ह न लावता) वाजवलं की आवाज पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो, विशेषतः पाचव्या तारेवर तिसऱ्या ते सातव्या पडद्यापर्यंत. ड्राइव्ह दाबलं की सूर बाजूला राहतो आणि वरून नुसती भुणभुण ऐकू येते. आणि संध्याकाळी लाइट गेली की इन्व्हर्टरवर इतका गूंऽऽ आवाज येतो की वाजवणंच नको होतं.

नवा अ‍ॅम्प आत्ता घ्यायचा नाही. अडीच हजारापर्यंत खर्च करू शकते. सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर आहे. स्पीकर बदलावा, खोकं बदलावं, की सर्किटमध्ये हात घालावा?

---

भुसावळ_यार्ड

ताई, तिन्ही अडचणींची मुळं वेगवेगळी आहेत, त्यामुळे एका स्पीकरने तिन्ही सुटणार नाहीत. आवाज कुठे बिघडतो ते आधी शोधा, त्याला पैसा लागत नाही.

गिटार काढून ठेवा. मोबाईलवरून ऑक्समध्ये एखादं चांगलं रेकॉर्ड केलेलं गिटार वाजवा. बहुतेक छोट्या अ‍ॅम्पमध्ये ऑक्सचा सिग्नल गेन आणि ड्राइव्हच्या भागातून जात नाही, थेट पॉवर अ‍ॅम्पकडे, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या भागाकडे, जातो. ते रेकॉर्डिंगही डब्यातून आल्यासारखं वाटलं तर दोष स्पीकर-खोक्याचा. ते बरं वाटलं आणि तुमचं गिटारच वाईट वाटलं तर दोष अलीकडचा, म्हणजे गिटार किंवा प्रीअ‍ॅम्पचा (गेन, ड्राइव्ह आणि टोनच्या भागाचा).

नंतर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या. ऑक्सवरून ८० हर्ट्झपासून ४०० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू चढवत न्या. व्हॉल्यूम मध्यम ठेवा, कारण ८० ला स्पीकरचा कोन जोरात हलतो आणि ऐकू मात्र काही येत नाही. एका हाताने खोक्याच्या बाजू, मागची फळी, जाळी, हँडल, नॉब चाचपत राहा. जिथे खरखर येते तिथे हात दाबला की ती थांबते. मागच्या फळीचे ढिले स्क्रू, जाळीचा सुटलेला कोपरा, कोनाला घासणारी स्पीकरची वायर, ट्रान्सफॉर्मरचा ढिला बोल्ट, नेहमीचे गुन्हेगार एवढेच. आणि ज्या आकड्यावर आवाज एकदम फुगतो तो आकडा लिहून ठेवा. तुम्ही सांगितलेले पडदे म्हणजे १३१ ते १६५ हर्ट्झ. छोट्या बंद खोक्यातला ६.५ इंची स्पीकर बरोबर त्याच्या आसपास, १५० ते २०० च्या पट्ट्यात, फुगवटा धरतो. खोक्यातली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी कोनाला मागे ढकलते, म्हणून हे होतं.

आता नॉब. मिडचा नॉब नसला तरी मिड वाढवता येतो: बास आणि ट्रेबल दोन्ही खाली घ्या आणि तेवढा व्हॉल्यूम वाढवा. राहतो तो मिडच. बास ३ वर, ट्रेबल ३ ते ४ वर ठेवून सुरुवात करा. बास ८ वर ठेवून "भरीव" आवाज मिळत नाही. सहाव्या मोकळ्या तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा, तो हा स्पीकर जवळजवळ देतच नाही. कान वरच्या पटीतल्या सुरांवरून तो जुळवून घेतो. बास चढवला की कोन नुसता फडफडतो आणि पॉवर अ‍ॅम्प लवकर फाटतो.

पिकअपची उंचीही बघा. शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअपच्या खांबापर्यंतचं अंतर मोजा: जाड तारेकडे २ मिमी, बारीक तारेकडे १.६ मिमी. याहून जवळ असतील तर चुंबक तारेला ओढतं, वरच्या पडद्यांवर सूर लाटांसारखा डगमगतो आणि अ‍ॅम्पचा इनपुट क्लीनवरही चिरकतो.

आणि जागा. अ‍ॅम्प शहाबादी फरशीवर भिंतीच्या कोपऱ्यात असेल तर तो फुगवटा दुप्पट वाटतो. खुर्चीवर ठेवा, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, तोंड थोडं वर. खोली पत्र्याची असेल तर समोरच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी टांगून बघा. पत्रा आणि उघड्या भिंती वरचे सूर परत फेकतात आणि त्याचा दोष अ‍ॅम्पला लागतो.

---

धुळे_अर्थिंग

गूं आवाजाबद्दल लिहितो, कारण त्यात टोनचा प्रश्न कमी आणि वायरिंगचा जास्त असतो.

एकेक गोष्ट अशी ओळखायची. अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम शून्यावर असतानाही आवाज येतो का? येत असेल तर पॉवर सप्लाय. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झची, पूर्ण रेक्टिफाय (एसीची डीसी) झाल्यावर तिचा गुणगुणाट १०० हर्ट्झला येतो. फिल्टरचे मोठे कपॅसिटर वाळले की हा वाढतो. डोकं फुगलेलं, बुडाशी चिकट डाग, अशी खूण दिसली तर दोन्ही बदला. समजा २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे असतील तर तेच किंवा ३५ व्होल्टचे, १०५ अंशांचे. पट्टीवरची वजा बाजू उलटी लागली तर कपॅसिटर फुटतो, दोनदा बघून लावा.

व्हॉल्यूम शून्यावर शांत आहे पण गिटार लावल्यावर येतो, आणि गिटार घेऊन जागच्या जागी फिरलं की कमी-जास्त होतो? मग तो पिकअपने हवेतून उचललेला आहे. सिंगल कॉइल म्हणजे एका अर्थी अँटेनाच. तारांना हात लावला की कमी होतो? ते नेहमीचंच आहे, पण हात लावल्यावर उलट वाढत असेल तर अर्थिंग किंवा गिटारच्या आतली ब्रिजची वायर तपासा.

घरात सगळ्यात जास्त छळतो तो पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, गोल फिरणारा, ज्याचा वेग सलग कमी-जास्त होतो. त्यात ट्रायॅक असतो. प्रत्येक अर्ध्या लहरीला तो वीज कापतो आणि त्या कापण्याचा झर्रर्र आवाज पिकअपमध्ये जातो. पंखा बंद करून बघा, क्षणात कळेल. पाच टप्प्यांचा, कट्कट् फिरणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर हा त्रास देत नाही. स्वस्त एलईडी ट्यूबचे ड्रायव्हरही तसेच. एमसीबी एकेक करून पाडत जा, आवाज कुठल्या लाइनवर थांबतो ते सापडेल.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर तुमचा गूंऽऽ तिथून आहे. चौकोनी लहरीत ५० बरोबर १५०, २५०, ३५० हर्ट्झचे सूर भरपूर असतात. साइन वेव्हमध्ये ते नसतात. अ‍ॅम्पमध्ये काहीही करून हा पूर्ण जाणार नाही. इन्व्हर्टरपासून दोन-अडीच मीटर लांब बसा, पिकअपचा स्विच २ किंवा ४ वर ठेवा. मधला पिकअप उलट गुंडाळीचा असेल तर त्या दोन जागी दोन कॉइल एकमेकींचा गुणगुणाट खोडतात. इन्व्हर्टर कधी बदलायचा झालाच तर साइन वेव्ह घ्या.

अर्थिंग: न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावा. एक-दोन व्होल्ट ठीक. दहा-वीस दाखवत असेल तर अर्थिंग नावालाच आहे. आपल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात खड्ड्याभोवतीची माती आक्रसून भेगा पडतात आणि पट्टीचा संपर्क सुटतो. खड्ड्यात पाणी सोडायची सवय ठेवा. आवाज जातो म्हणून प्लगची तिसरी पिन कोणी कापायला सांगितली तर ऐकू नका. गिटारच्या तारा त्याच अर्थला जोडलेल्या असतात आणि तुमचे हात तारांवर असतात.

एक अजून. शेतीपंप चालू असताना व्होल्टेज १८० पर्यंत उतरत असेल तर अ‍ॅम्पची पॉवर सुमारे ६० टक्क्यांवर येते. एरवी स्वच्छ वाजणारा आवाज त्या वेळी फाटतो. टोन जुळवायला बसाल तेव्हा आधी व्होल्टेज मोजा, नाहीतर आज केलेलं उद्या खोटं ठरेल.

---

डायोड_जळगाव

डिस्टॉर्शनच्या भुणभुणीवर.

ड्राइव्हमध्ये लहरीचे शेंडे कापले जातात, त्यातून वरच्या पटीतले सूर तयार होतात, १० किलोहर्ट्झच्याही पुढे. गिटारचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झनंतर झपाट्याने उतरतो, म्हणून तिथे हे कापणं गोड लागतं. तुमचा ६.५ इंची बहुधा साधा फुल रेंज आहे, तो सगळं वरचं बाहेर फेकतो. कोनाच्या मधोमध आणखी एक छोटा कागदी कोन उभा दिसत असेल तर आणखीच. म्हणजे १२ इंची स्पीकर जे काम फुकट करतो ते आपल्याला कपॅसिटरने करायचं आहे.

उघडण्याआधी: प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, मोठ्या कपॅसिटरवर डीसी मोजा, एक व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालू नका.

बोर्डवर आठ पायांची आयसी शोधा, ४५५८ किंवा तशीच काही (टीडीए नावाची ती पॉवर आयसी, ती नाही). तिच्याजवळ नारिंगी काचेचे दोन छोटे डायोड उलटसुलट लावलेले दिसतील, १एन४१४८. तेच शेंडे कापतात. त्यांच्यानंतर, व्हॉल्यूम पॉटकडे (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरकडे) जाणारी वायर सोडवा. मध्ये १० के चा रेझिस्टर घाला आणि पॉटच्या बाजूच्या टोकापासून ग्राउंडला ३.३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. हा फिल्टर सुमारे ४.८ किलोहर्ट्झपासून उतरू लागतो. ४.७ नॅनो लावला तर ३.४ किलोहर्ट्झपासून. पॉट ५० के किंवा मोठा असेल तर आवाजाची पातळी फारशी पडत नाही. पॉट १० के चा असेल तर हे जसंच्या तसं करू नका, रेझिस्टर २.२ के आणि कपॅसिटर १५ नॅनो घ्या, उत्तर तेच येतं.

आधी क्रोकोडाइल क्लिपने कपॅसिटर तात्पुरता लावून ऐका, मग पक्का करा. सिरॅमिकपेक्षा मायलर घ्या. क्लीनलाही हाच व्हॉल्यूम पॉट असेल तर क्लीन मंद होईल. मग कपॅसिटरच्या वाटेत एक छोटा टॉगल स्विच टाका.

दुसरा अर्धा भाग कोणी करत नाही आणि तोच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शेंडे कापण्याच्या *आधी* बास कमी करा. ड्राइव्हच्या आयसीच्या वजा इनपुटच्या पायापासून ग्राउंडकडे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर एकामागे एक असतात. १ के आणि १ मायक्रोफॅरड असतील तर १५९ हर्ट्झच्या वरचं सगळं पूर्ण गेन घेऊन चिरडलं जातं. त्या १ मायक्रोच्या जागी ०.४७ लावा, आकडा ३३९ वर जातो. ०.२२ लावला तर ७२३. जाड तारांवर पॉवर कॉर्ड धरली की चिखल होतो तो इथे कमी होतो, तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. ०.४७ पासून सुरू करा, कारण ०.२२ ला छोट्या खोक्यात आवाज किडकिडीत वाटू शकतो.

४५५८ काढून महागडी आयसी लावायचा सल्ला सगळीकडे मिळेल. या अ‍ॅम्पमध्ये तो पैसा वाया आहे.

---

सहातारी_अमळनेर

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजून आले.

ऑक्सवर गाणं लावलं तर तेही डब्यातून येतं, पण थोडं. ड्राइव्हची भुणभुण त्याच्या कितीतरी पट जास्त आहे. १९० हर्ट्झला मागची फळी थरथरते, दोन स्क्रू फिरके झालेत. पंख्याचा रेग्युलेटर ट्रायॅकवालाच निघाला. पंखा बंद केला की अर्धा आवाज गायब! इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह आहे.

स्पीकरच्या दोन टोकांमध्ये मल्टीमीटर ३.४ ओहम दाखवतो, मागे काही छापलेलं नाही. मधला छोटा कोन आहे. पॉवर आयसी टीडीए २०३०ए, ट्रान्सफॉर्मर १२-०-१२. व्हॉल्यूम पॉट ५० के.

ओळखीच्या ऑर्केस्ट्रावाल्यांकडे १२ इंची ८ ओहमचा स्पीकर पडून आहे, कागदी कडेचा. तो लावता येईल का? की त्याच खोक्यात चांगला ६.५ इंची घालू?

---

चाळीसगाव_प्लाय

३.४ म्हणजे तुमचा स्पीकर ४ ओहमचा. मल्टीमीटर डीसी रोध दाखवतो, तो छापील आकड्यापेक्षा नेहमी कमी भरतो. ८ ओहमचा असता तर ६ ते ७ दिसला असता.

बारा इंचीच लावा. कारण सांगतो. छोटे ६.५ इंची स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ८६ ते ९० डीबी देतात. १२ इंची गिटारचे स्पीकर ९७ ते १०० देतात, ऑर्केस्ट्राचे पीए स्पीकरही बरेचसे ९५ च्या वर असतात. ४ ओहमच्या जागी ८ ओहम लावल्यावर अ‍ॅम्पची पॉवर जवळपास अर्धी होईल, म्हणजे ३ डीबी गेले. पण स्पीकरमुळे ७-८ परत आले. हिशेबाने आवाज वाढतोच. आणि ८ ओहमवर आयसीला करंट कमी द्यावा लागतो, ती थंड राहते.

६.५ इंचीच बदलायचा विचार केला तर एक चूक टाळा. बाजारात पटकन मिळतात ते गाडीचे को-अ‍ॅक्शियल, ४ ओहम, मध्ये ट्वीटर. ते लावून भुणभुण दुप्पट होईल. रबरी कडेचे होम थिएटरचे वूफरही नकोत, ते सुस्त असतात आणि त्यांना भरपूर पॉवर लागते. गिटारला कडा कागदाची किंवा कापडाची, घडीघडीची, कडक लागते. हाताने कोन हलका दाबला तर तो थोडाच आत जायला हवा.

बारा इंचीसाठी वेगळं खोकं साधंच करा. १८ मिमीचा प्लाय, बाहेरून ४५ × ४५ सेंमी, खोली २५ सेंमी. पुढच्या फळीला भोक २८० मिमी, पण कापायच्या आधी हातातला स्पीकर मोजा, कंपनीगणिक दोन-चार मिमी इकडेतिकडे असतात. मागे वर आणि खाली १५-१५ सेंमीच्या पट्ट्या, मध्ये १५ सेंमी मोकळं. मागून उघडं खोकं बास थोडा घालवतं पण डब्याचा फुगवटा पूर्ण जातो. गिटारला तोच सौदा चांगला. पट्ट्या स्क्रूने बसवा, डिंकाने नाही, म्हणजे एक पट्टी काढून-लावून ऐकता येईल. कोपऱ्यांना आतून १ इंचाचे चौकोनी ठोकळे फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्हीने. स्पीकर लाकडी स्क्रूने बसवू नका, प्लायमध्ये दोनदा काढला की भोक सैल होतं. ५ मिमीचे बोल्ट आणि मागून टी-नट. स्पीकर आणि फळीच्या मध्ये दाराच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी, ३ मिमीची, सांध्यात फट न ठेवता.

बारा इंची पीए स्पीकर गिटारच्या स्पीकरपेक्षा वर थोडा जास्त उघडा असतो. म्हणून जळगावच्या भाऊंचा ३.३ नॅनो तरीही लावा.

जुनं खोकं टाकू नका. फिरके झालेले स्क्रू काढून भोकात आगपेटीच्या दोन काड्या फेव्हिकॉल लावून खुपसा, रात्रभर वाळू द्या, सपाट कापा, मग स्क्रू आवळा. मागच्या फळीच्या कडेला तीच फोमची पट्टी. आत पोकळीत पॉलिएस्टर फायबर भरा, उशीत घालतात ते. तुमचं खोकं जेमतेम ९ लिटरचं आहे, त्याला ८० ते १०० ग्रॅम पुरे. हाताने मोकळं विंचरून भरा, दाबून कोंबू नका. कोंबलं की जागाच कमी होते आणि फुगवटा वर सरकतो. फायबर दाबल्या जाणाऱ्या हवेची उष्णता शोषून खोकं जणू मोठं करतं, १५०-२०० चा फुगवटा बसतो. त्याच्यासमोर मच्छरदाणीचं कापड ताणून स्टेपल करा, नाहीतर धागे कोनाच्या मागे जाऊन बसतात. हीटसिंकपासून चार बोटं लांब.

---

शिरपूर_ढोलक

माले बी हाऊच प्रश्न पडेल व्हता. फायबरना जागावर घरना कापूस भरला ते चाली का? घरी पिंजेल कापूस भरपूर शे.

---

चाळीसगाव_प्लाय

आवाज शोषायला कापूस कमी नाही भाऊ, पण स्पीकरच्या खोक्यात टिकत नाही. पावसाळ्यात ओल धरतो, खाली बसतो, गोळे होतात, आणि दिवाळीपर्यंत खोक्याच्या वरच्या अर्ध्यात काहीच उरत नाही. सरकी राहिली असेल तर किडे येतात. ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक त्याच खोक्यात आहेत, तिथे कापूस नकोच, चटकन पेट घेतो. मागून वेगळं स्पीकरचं खोकं असेल, आत वीज नसेल, तर पातळ गादीसारखा कापडात शिवून आतल्या तीन भिंतींना टाचा. गादीवाला अर्ध्या तासात शिवून देईल. सुटा भरू नका.

---

डायोड_जळगाव

ताई, बारा इंची जोडताना दोन गोष्टी.

हेडफोन जॅकमधून स्पीकर चालवू नका. त्याच्या वाटेत रेझिस्टर असतात, आवाज मिळणार नाही आणि ते तापतील. पॉवर आयसीच्या आउटपुटपासूनच वायर काढायची. आधी प्लग काढलेला असताना, बोर्डावरून स्पीकर सोडवून, स्पीकरच्या वजा वायरीची जागा आणि बोर्डचं ग्राउंड यांच्यात रोध मोजा. अगदी शून्य आला तर वजा थेट ग्राउंडला आहे. ०.१ ते ०.५ ओहम दिसला तर तिथे एक छोटा जाडसर रेझिस्टर आहे. अनेक गिटार अ‍ॅम्पमध्ये तो मुद्दाम असतो, स्पीकरच्या मागणीप्रमाणे आवाज वर-खाली वाकवायला. इतका कमी रोध साधा मल्टीमीटर नीट दाखवत नाही, म्हणून आधी दोन्ही दांड्या एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा. तो रेझिस्टर असेल तर स्पीकरचं वजा टोक पत्र्याला कुठेही टेकता कामा नये. म्हणून जॅक प्लास्टिक बॉडीचाच घ्या.

जॅक स्विचवाला, पाव इंची मोनो. आउटपुटची अधिक वायर टोकाच्या पातीला, वजा वायर बाहेरच्या बाहीला. आतल्या ६.५ इंचीची अधिक वायर स्विचच्या पातीला, वजा बाहीला. बाहेरची पिन घातली की आतला स्पीकर आपोआप तुटतो. दोन्ही एकदम समांतर वाजवू नका: ४ आणि ८ मिळून २.७ ओहम होतात, आयसीला ते झेपत नाही. जोडायची वायर साधी दोन तारांची, ०.७५ किंवा १ चौरस मिमी. गिटारची शील्डेड केबल इथे लावू नका, तिची आतली तार केसाएवढी असते.

२०३०ए आहे हे बरं झालं. १२-०-१२ मधून विनाभार १७-१८ व्होल्ट डीसी बनतात, रात्री मेन्स २५० ला गेली की आणखी दीड व्होल्ट. साध्या २०३० ची मर्यादा अधिक-उणे १८ आहे, २०३०ए ची २२. उद्या आयसी गेली तर साधी लावू नका. पायांना पाय जुळणारी एलएम १८७५ चालते. दोन्हींच्या नकली बाजारात पुष्कळ, छपाई बोटाने पुसली जात असेल तर परत करा.

आयसी काढावी लागली तर मागचा अभ्रकाचा पातळ तुकडा आणि स्क्रूचं प्लास्टिकचं बूच जपा. या आयसीची धातूची पाठ आतून उणे सप्लायला जोडलेली असते. अभ्रक न घालता हीटसिंकला आवळली आणि हीटसिंक पत्र्याला टेकलेलं असलं की उणे सप्लाय थेट ग्राउंडला. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना पांढरं कंपाउंड, पापुद्र्याएवढं पातळ. मे महिन्यात खोलीतच ४२ अंश असतात, त्यामुळे जुनं वाळून खडू झालेलं कंपाउंड खरवडून नवीन लावणं आपल्याकडे चैन नाही. तासाभराने आवाज अचानक तुटून पाच मिनिटांनी आपोआप परत येत असेल तर आयसी तापून स्वतःला बंद करते आहे.

---

सहातारी_अमळनेर

समजलं. रविवारी मागची फळी, फोम आणि फायबर उरकते, रेग्युलेटर पाच टप्प्यांचा आणलाय. कपॅसिटर ३.३ नॅनो, ४.७ नॅनो, ०.४७ मायक्रो प्रत्येकी पाच सांगितलेत. एकच विचारायचं राहिलं: ६.५ इंचीमधला तो छोटा कोन कापून टाकू का? बारा इंची रोज बाहेर काढणं होणार नाही, रात्री आतलाच वाजवावा लागेल.

---

भुसावळ_यार्ड

लगेच कापू नका, परत चिकटवता येत नाही. आधी ३.३ नॅनो लावून ऐका. त्यानंतरही वरचं टोचत असेल तर लोकरी फेल्टचा रुपयाच्या दोन नाण्यांएवढा गोल कापा आणि जाळीच्या आतून, बरोबर कोनाच्या मध्यासमोर, दोन टाके घालून बसवा. कोनाला चिकटवू नका, वजन वाढतं. सरळ समोर येणारा ३-५ किलोहर्ट्झचा झोत त्याने मऊ होतो, आणि पटला नाही तर टाके उसवून काढता येतो.

तेवढं करूनही नको वाटलं तर मग छोटा कोन काढा: धारदार ब्लेडचं नवं पातं, कोन ज्या ठिकाणी मधल्या टोपीला मिळतो त्याच्या ३-४ मिमी वरून, गोल फिरवत, एका वेळी थोडं. मुळाशी कापायला गेलात तर व्हॉइस कॉइलकडे जाणाऱ्या दोन बारीक तारा तिथेच कोनावर चिकटवलेल्या असतात, त्या तुटतात. कागदाचा भुसा आत पडू नये म्हणून स्पीकर कापताना उलटा, तोंड खाली धरा आणि कुणाला तरी खालून टॉर्च मारायला सांगा.